भाचीच्या स्मरणार्थ बाग करायची आहे : झाडे, पाणी आणि पाटी यांविषयी सल्ला हवा

जुळेसोलापूरकर

सर्वांना नमस्कार. थोडे सविस्तर लिहिते आहे, कारण प्रश्न छोटा असला तरी मागची हकीकत सांगितल्याशिवाय तो नीट कळणार नाही. माझी भाची दोन वर्षांपूर्वी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, आजाराने गेली. तिचे नाव येथे देत नाही. अक्काची, म्हणजे तिच्या आईची, तशी इच्छा आहे. सोलापुरातल्या आमच्या वसाहतीच्या मोकळ्या जागेत कुंपणालगत साधारण चार गुंठ्यांचा पट्टा पडून आहे. तेथे तिच्या स्मरणार्थ बाग करावी असे वसाहतीच्या बैठकीत ठरले, महापालिकेचे रीतसर पत्रही हातात आले, आणि आता एप्रिलच्या उन्हात त्या पट्ट्याकडे पाहिले की वाटते, जेथे गवताची काडी तग धरत नाही तेथे आपण कसली बाग करणार?

तिला झाडांचे शिक्षण नव्हते. ती वाणिज्य शाखेची पदवीधर, एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचे काम पाहत असे आणि संध्याकाळी गल्लीतल्या मुलांना ओट्यावर बसवून गणित शिकवत असे. पण फिरायला गेली की ओढणीच्या टोकात बिया बांधून आणायची. तिच्या कपाटात शेंगाचटणीच्या नऊ रिकाम्या बरण्या निघाल्या, प्रत्येकीत बिया, आणि बाहेर वहीच्या कागदाची पट्टी चिकटवलेली. एकीवर लिहिले आहे, ‘बहावा. कंबर तलाव. मे. खाली पडलेली शेंग, तोडलेली नाही.’ दुसरीवर, ‘कडुनिंब. जुन्या घरामागचा.’ शिरीष आहे, पळस आहे, करंज आहे. नवव्या बरणीत चपट्या, तपकिरी, चकचकीत बिया आहेत आणि पट्टीवर एवढेच आहे, ‘नाव माहीत नाही. विचारायचे आहे.’ कोणाला विचारायचे होते, ते आम्हाला ठाऊक नाही.

घरात मतभेद आहेत. दाजींना काळ्या ग्रॅनाइटची पाटी आणि तिच्या छायाचित्राचा कट्टा हवा आहे. नातेवाइकांपैकी काहींच्या मते हिरवळ आणि कारंजे असावे. अक्का या चर्चेत फारसे बोलत नाही. एकदाच म्हणाली, ‘तिच्या बिया लावा.’ या बिया इतक्या दिवसांनी उगवतील का, उगवल्या तर या जमिनीत जगतील का, आणि पाटी असावी की नसावी, याबद्दल जाणकारांनी लिहावे.

कडकभाकरी

ताई, वाचून वाईट वाटले. एक सांगतो, हिरवळ आणि कारंजे यांचा विचार आजच सोडून द्या. उजनी धरणाचे पाणी नळाला चार-पाच दिवसांआड येते अशा गावात हिरवळ टिकवायची म्हणजे शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपणारी गोष्ट होते. ज्या बागेकडे पाहून लोकांना स्वतःच्या रिकाम्या पिंपाची आठवण होते, त्या बागेत कोणाचे स्मरण गोड राहील?

माळढोक

बियांबद्दल लिहितो. सर्व बिया सारख्या टिकत नाहीत. कडुनिंबाची बी झाडावरून पडल्यावर काही आठवड्यांतच उगवण्याची ताकद गमावू लागते, म्हणून ती बरणी आठवण म्हणून ठेवावी आणि त्याच जुन्या घरामागच्या झाडाखाली जून-जुलैमध्ये जाऊन ताज्या लिंबोळ्या वेचून आणाव्यात. पळसाच्या बियाही दोन वर्षांनी उगवण्याची आशा कमी आहे. बहावा आणि शिरीष यांचे मात्र उलट आहे. त्यांचे कवच इतके टणक असते की पाणी आतच शिरत नाही, आणि त्यामुळेच त्या वर्षानुवर्षे जिवंत राहतात. त्या तशाच पेरल्या तर महिनोन्‌महिने मातीत पडून राहतील. प्रत्येक बी खरखरीत दगडावर किंवा काचकागदावर एका बाजूने घासावी, वरची चकाकी जाऊन आतला फिकट रंग दिसू लागला की थांबावे, रात्रभर पाण्यात भिजवावी, आणि सकाळी फुगलेल्या तेवढ्या पिशवीत पेराव्यात. न फुगलेल्या पुन्हा घासाव्यात.

आता जमीन. जुळे सोलापूर, विजापूर रस्ता या भागात कित्येक ठिकाणी वर वीतभर माती आणि खाली मुरूम असतो. कुदळ मारल्यावर खणखण आवाज आला तर समजावे की मुळांनाही तोच आवाज ऐकू येणार आहे. खड्डे उन्हाळ्यातच घ्यावेत, तीन फूट रुंद आणि तितकेच खोल, म्हणजे ते तापतात आणि मुरूम भुसभुशीत होतो. मग काळी माती, कुजलेले शेणखत आणि निघालेल्यातलाच थोडा मुरूम मिसळून भरावेत. निव्वळ काळी माती भरू नये, ती उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगेबरोबर मुळे तुटतात.

लागवडीची वेळ हा आपल्याकडे चुकणारा मुद्दा आहे. जूनचा पहिला पाऊस झाला की सगळीकडे वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात, फोटो निघतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस दडी मारतो. आपण पर्जन्यछायेत आहोत, वर्षाचा पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये पडतो. रोपे तयार होईपर्यंत तसेही सप्टेंबर उजाडेल, तेव्हाच लावावीत. एक विनंती मात्र आहे. चार गुंठे झाडांनी गच्च भरू नका. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झाले, ते ज्या पक्ष्यासाठी झाले त्याला झाडे नव्हे, मोकळे गवताळ माळ लागतात. झाड म्हणजेच निसर्ग ही आपली समजूत या जिल्ह्यात तरी अपुरी आहे. बागेचा एक कोपरा कुसळीच्या गवतासाठी तसाच राहू द्या. चार गुंठ्यांत माळढोक येणार नाही हे मलाही कळते. फुलपाखरे आणि चंडोल आले तरी पुष्कळ.

नवव्या बरणीतल्या बियांचे चित्र टाका, पाहतो. पण केवळ बियांवरून खात्रीने सांगणे अवघड आहे.

पूर्वभाग

माझा अनुभव लिहितो, तो अभिमानाचा नाही. आई गेल्यावर मी आमच्या भागातल्या एका मोकळ्या जागेत पाच झाडे लावली आणि ग्रॅनाइटची पाटी बसवली. पाटीवर आईचे नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा, खाली सर्व मुलांची, सुनांची, नातवंडांची नावे. पाटीचा खर्च झाडांच्या दहापट होता. पहिले वर्ष मी रोज गेलो, दुसऱ्या वर्षी रविवारी, आणि तिसऱ्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये धंद्याच्या गडबडीत दीड महिना जाणेच झाले नाही. आज तेथे पाटी आहे, झाडे नाहीत. त्या रस्त्याने जाताना मी अजूनही मान दुसरीकडे वळवतो. तेव्हा पाटीचा निर्णय तिसऱ्या उन्हाळ्यानंतर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सातरस्ता

पाटीचा निर्णय तीन उन्हाळे लांबवावा, या मताशी मी सहमत नाही. नाव लिहिले नाही तर विसरले जाते. हुतात्मा बागेजवळून जाणाऱ्या मुलांना मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि किसन सारडा ही नावे घडघडा म्हणता येतात का ते विचारून पाहा; १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेली ही आपल्या गावची माणसे आहेत, आणि पुतळे उभे असूनही चौकाला आपण ‘चार पुतळा’ म्हणून मोकळे होतो. पाटी असताना ही गत, तर नसताना काय होईल? घरच्या मुलीची तुलना हुतात्म्यांशी करत नाही, गैरसमज नसावा. एवढेच म्हणायचे आहे की दाजींच्या मागणीला केवळ हौस समजू नये. बापाला लेकीचे नाव दगडावर हवे असणे समजण्यासारखे आहे.

कडकभाकरी

दादा, पण आपल्याच गावात उलट उदाहरणही आहे. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत दरवर्षी भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, त्या कुंभारकन्येच्या आणि सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाच्या विवाहाच्या. बारा­व्या शतकातल्या सत्पुरुषाच्या अंगणात रोज सडा-रांगोळी करणारी मुलगी. तिची पाटी कोठे नाही, सारे गाव तिला कुंभारकन्या म्हणूनच ओळखते, तरी इतक्या शतकांनंतर लाखो लोक पांढऱ्या बाराबंदीतल्या मानकऱ्यांमागे तिच्यासाठी चालतात. दरवर्षी काहीतरी करावे लागते म्हणून ती आठवणीत आहे.

होटगीरोडची

मला या उदाहरणावर थोडे बोलायचे आहे, श्रद्धेचा पूर्ण मान ठेवून. त्या कथेत मुलगी आठवते ती वधू म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी होमात जाते म्हणून. आपल्याकडे अकाली गेलेल्या मुलींच्या आठवणी बहुतेकदा अशाच सांगितल्या जातात. लग्न राहून गेले, संसार पाहिला नाही, असे म्हणत आपण तिच्या न झालेल्या गोष्टींची यादी करतो. या भाचीने मात्र नऊ बरण्या भरून ठेवल्या आहेत आणि त्यावर स्वतःच्या हाताने लिहिले आहे. आणखी काय पाटी हवी? अक्कांचे म्हणणे मला सर्वांत नेमके वाटते. राजस्थानातल्या पिपलांत्री गावचे श्यामसुंदर पालीवाल यांनी मुलगी गेल्यावर झाड लावले आणि पुढे गावात मुलगी जन्मली की १११ झाडे लावायची प्रथा पाडली, त्यांना २०२१ मध्ये पद्मश्रीही मिळाली. पण तेथेही वडिलांचे दुःख गावाच्या कामाला जुंपले गेले म्हणून ते टिकले. तुमच्याकडे ती गणित शिकवत होती ती मुले आहेत. त्यांना विचारले का?

दुसरे, व्यवहाराचे. विजेच्या तारांखाली आणि जलवाहिनीवर काही लावू नका. नागरी भागातील झाडांसाठी १९७५ चा संरक्षण व जतन अधिनियम आहे. उद्या झाड तारेला लागले तर ते तोडायला परवानगीची फिरफिर तुम्हालाच करावी लागेल, आणि तिच्या नावाने लावलेले झाड तोडण्याचा अर्ज अक्कांच्या सहीने देण्याची वेळ कोणावर येऊ नये.

जुळेसोलापूरकर

सर्वांचे आभार. मे महिन्यात बारा खड्डे घेतले. खणखण आवाज बाराही ठिकाणी आला.

बिया घासण्यासाठी काचकागद आणणार होते, पण अक्का देवघरातली चंदनाची सहाण घेऊन बसली. पहिल्या दिवशी तिने बहाव्याच्या सात बिया घासल्या. बी लहान, बोटांच्या चिमटीतून निसटते, आणि नखच सहाणेवर घासले जाते. तिच्या अंगठ्याचे नख एका बाजूने झिजले आहे. रात्री वाटीत भिजवल्या, सकाळी पाच फुगल्या होत्या. ती दोन न फुगलेल्या बिया पुन्हा घासत बसली आणि त्या वेळी, दोन वर्षांत प्रथमच, मुलीविषयी आपणहून बोलली. सांगितले ते काही मोठे नाही. लहानपणी ही मुलगी बहाव्याची शेंग खुळखुळ्यासारखी वाजवायची आणि आतला काळा चिकट गर फ्रॉकला पुसायची, म्हणून मार खायची.

मुलांना विचारले. ती आता आठवी-नववीत आहेत. त्यांतल्या एकाने मला हिशेबच मांडून दाखवला. प्रत्येक रोपाशेजारी एक मातीचे मडके पुरायचे, तळाला बारीक भोक पाडून सुती वात घालायची. मडक्यात दहा लिटर पाणी मावते, बारा मडक्यांना एकशेवीस लिटर, नळ चार दिवसांनी येतो तेव्हा भरायचे, म्हणजे वीस लिटरचे सहा जार, आणि मुले सहा, म्हणून प्रत्येकी एक. ‘ताईंनी असेच उदाहरण घातले असते,’ असे तो म्हणाला. खरेच घातले असते.

माळढोक

उत्तम हिशेब आहे. त्यात दोनच भर. बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचे वीतभर जाड आच्छादन द्या, आपल्या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही. मात्र खोडापासून हातभर अंतर सोडा, नाहीतर वाळवी लागते. आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालू नका, त्यात क्षार एकवटलेले असतात. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी चालेल.

पूर्वभाग

मडक्यांसाठी कुंभाराकडे आधी सांगून ठेवा, भोक आव्यात भाजण्यापूर्वी पाडलेले बरे. भाजलेल्या मडक्याला खिळ्याने भोक पाडताना माझी चारांतली तीन फुटली होती. एका रविवारी मीही येऊन जाईन म्हणतो, चालेल ना?

जुळेसोलापूरकर

चालेल काय, आलातच पाहिजे, दादा.

ऑक्टोबरची हकीकत लिहिते. सप्टेंबरच्या पावसात रोपे लावली. बहाव्याची चार, शिरीषाची दोन, ताज्या लिंबोळीपासूनचे कडुनिंबाचे एक, करंजाची दोन. पळस एकही उगवला नाही, तसा इशारा येथे मिळालाच होता. त्याच्या जागी रोपवाटिकेतून आणावा असे मुलांचे मत पडले, परंतु अक्काने तो खड्डा आणि आणखी एक रिकामा ठेवला आहे. कोपऱ्यात गवत सोडले आहे, त्यावरून वसाहतीत दोघांनी ‘साफसफाई कधी करणार’ असे विचारून झाले.

बारावा खड्डा नवव्या बरणीसाठी होता. त्या बिया घासल्याबरोबर जवळजवळ सगळ्या उगवल्या. सर्वांत जोमदार रोप लावले आणि ते इतक्या वेगाने वाढते आहे की बहावा अजून वीतभर असताना हे माझ्या कमरेला आले. पाने चिंचेसारखी बारीक, संध्याकाळी मिटतात. अक्का सर्वांत आधी त्याच्याकडेच जाते. चित्र जोडले आहे. हे काय आहे?

माळढोक

ताई, चित्र पाहिले. उत्तर लिहायला दोन दिवस लावले, त्याबद्दल क्षमस्व. ही सुबाभूळ आहे. पांढरे गोल गोंडे येतील, मग झुबक्यांनी चपट्या शेंगा लटकतील, आणि शंकेला जागा उरणार नाही. एके काळी चारा आणि जळणासाठी हिचा सरकारी पातळीवर मोठा प्रसार झाला. मूळची ती मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. एका झाडाच्या शेंगांतून हजारो बिया पडतात, पाण्याशिवाय तगते, तोडली तरी फुटते, आणि भोवती दुसरे काही वाढू देत नाही. दुसऱ्या कोणाच्या बागेत असती तर उपटा म्हणून एका ओळीत लिहिले असते. येथे ते मला जमत नाही.

सातरस्ता

राहू द्या हो. एका झाडाने काय होते? आईचे मन महत्त्वाचे.

होटगीरोडची

एका झाडाने काय होते ते माळढोक यांनी आताच सांगितले आहे. तिने शोभेसाठी बिया जमवल्या नव्हत्या, पट्टीवर ‘विचारायचे आहे’ असे लिहिले होते. विचारल्यावर जे उत्तर मिळते ते ऐकायचे असते, एरवी विचारण्यात अर्थ नाही. परंतु हे अक्कांना कोणी आणि कसे सांगायचे, ते मला सुचत नाही.

पूर्वभाग

मधला मार्ग आहे. आमच्याकडे शेळ्या पाळणारे सुबाभळीचा पाला आवडीने नेतात. गोंडे येण्याआधी दर महिन्या-दीड महिन्याने गुडघ्याएवढी छाटत राहिले तर शेंगच धरणार नाही, आणि तो पाला बहाव्याच्या बुंध्याशी टाकला तर खतही होईल. फक्त एकही छाटणी चुकता कामा नये. चुकवणारा माणूस कसा असतो ते मी वर लिहिलेच आहे.

जुळेसोलापूरकर

उत्तर द्यायला उशीर झाला. धागा मी अक्काला वाचून दाखवला, वरचे सर्व, सुबाभळीसकट. ती ऐकत होती, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने स्वतःच मोठ्या मुलाला हाक मारली आणि विळ्याने छाटायला सांगितले. पाला चारही बहाव्यांच्या बुंध्याशी तिने वाटून टाकला, पाचटावर, खोडापासून हातभर दूर. छाटणीचा दिवस दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ठरला आहे. तो मुलांनी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला. पूर्वभाग दादा पहिल्या छाटणीला येऊन गेले. दाजींनी पाटीचा विषय तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत पुढे ढकलला आहे, सोडलेला नाही.

नववी बरणी फडताळात परत ठेवताना मी पाहिले. पट्टीवर भाचीच्या अक्षरातल्या ‘विचारायचे आहे’ या शब्दांखाली अक्काने बॉलपेनने लिहिले आहे, ‘सुबाभूळ. शेंग धरू द्यायची नाही.’